हाताला छंद, छंदाला मोल

बालमित्रांनो, शेतातल्या विहिरीवरची मोटार जळाली की घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. वडिलांचा चेहरा उतरतो, मोटार दुरुस्तीला जाते आणि तिच्या पोटातली जुनी तांब्याची तार भंगारवाल्याच्या काट्यावर पडते. पण आमच्या साखऱ्यातल्या (तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली) पाचवीच्या एका मुलीनं त्यातली हातभर तार दप्तरात लपवून ठेवली. गणिताच्या तासाला बाकाखाली ती तार पेन्सिलीवर गुंडाळत होती. मी पाहिलं आणि तार काढून घेतली.

शाळा सुटल्यावर टेबलाचा खण उघडला, तर ती नुसती तार नव्हती. कानातल्यांचा जोड होता! एकाचे वेढे थोडे मोठे, दुसऱ्याचे लहान. पण दोन्ही कानातली पानाच्या आकाराची. तिला हे कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी मी तार परत केली आणि एक अट घातली, "गणिताच्या तासाला गणित. हे मधल्या सुट्टीत."

आज ती मुलगी आठवीत आहे. तिच्यामुळे मला जे शिकायला मिळालं तेच आज तुम्हाला सांगते. तुमच्या आईबाबांनीही वाचावं, बरं का!

रस्त्यावर सापडलेली तार

अशीच तार फार वर्षांपूर्वी दूर अमेरिकेतल्या एका मुलाला सापडली होती. त्याचं नाव अलेक्झांडर काल्डर, जन्म १८९८ सालचा. विजेच्या तारा जोडणारे कामगार रस्त्यावर तांब्याचे तुकडे टाकून जात. आठ वर्षांचा काल्डर ते गोळा करी आणि बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने बनवी. पुढे तो इंजिनिअर झाला, मग चित्रकला शिकला आणि जगातला मोठा शिल्पकार म्हणून ओळखला जाऊ लागला. वाऱ्यावर डुलणारी त्याची 'मोबाइल' शिल्पं तुम्ही चित्रात पाहिली असतील. पण बाहुलीच्या दागिन्यांचा नाद काही सुटला नाही. आयुष्यभरात त्यानं सुमारे १,८०० दागिने हातानं घडवले! कुठल्या सोनाराकडे तो उमेदवारीला बसला नव्हता. तार ठोकायची, वळवायची आणि तारेनंच तार बांधायची, ही त्याची पद्धत. डाग देणं, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडणं, तो टाळायचाच.

हा काल्डर १९५५ साली आपल्या देशात, अहमदाबादला, साराभाई कुटुंबाकडे पाहुणा म्हणून आला होता. तिथंही त्यानं शिल्पं केली आणि दागिनेही घडवले. त्याच साराभाई कुटुंबातल्या गौतम आणि गिरा या भावाबहिणींचा पुढे एका मोठ्या संस्थेच्या उभारणीत वाटा होता. ती म्हणजे १९६१ साली अहमदाबादेत सुरू झालेली राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी. तिची गोष्ट शेवटी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

गुरू कुठं सापडतो?

"आपलं आपण शिकलो" म्हणजे गुरूशिवाय शिकलो, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. गुरू असतोच, फक्त तो वर्गात नसतो.

आपल्या सेनगाव तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ. तिथल्या म्हाताऱ्या बायांच्या अंगावर अजूनही जुने दागिने दिसतात. केसांच्या बटांना अडकवायच्या घुगऱ्या आणि टोपल्या, गळ्यात हासली, कपड्यांवर आरसे, कवड्या, नाणी. ही कवडी म्हणजे एके काळचा चालता पैसा! मालदीव बेटांवरून ती भारतात येई आणि बाजारात तिच्यावर व्यवहार चाले. बंजारे बैलांच्या तांड्यावर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालत. आज बँक आहे. पण ज्यांचं घरच चालतं होतं, त्यांच्या बायकांची बँक अंगावर होती.

माझी विद्यार्थिनी तांड्यावरच्या एका आजीकडे जाऊन बसू लागली. आजीनं एकदा तिच्या हातात जुनी घुगरी दिली आणि म्हणाली, "पोरी, चमक काय बघतीस? सांधा बघ." मुलीनं सांधा पाहिला. तिच्या कानातल्यांची कडी एका वेढ्याची होती, म्हणून उघडायची. घुगरीच्या कडीला दोन वेढे होते. त्या दिवसापासून तिच्या कड्याही दोन वेढ्यांच्या झाल्या.

जुन्या दागिन्यांपासून शिकून मोठा धंदा उभा राहू शकतो का? राहू शकतो. जयपूरचे राजीव अरोरा आणि राजेश अजमेरा हे दोघं मित्र इतिहासाचे विद्यार्थी, सराफी घराण्यातले नव्हेत. ते गावोगाव हिंडून चांदीचे जुने आदिवासी दागिने पाहत, विकत घेत. त्यातूनच १९७८ साली त्यांनी 'आम्रपाली' हा व्यवसाय सुरू केला. पुढे जमवलेल्या दागिन्यांचं जयपूरला संग्रहालयही केलं.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. सहलीचा बेत ठरत असेल तर बाईंना किंवा सरांना नक्की सुचवा.

तार कशी वागते?

आता थोडं विज्ञान. तांब्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली किंवा हातोडीनं हलके ठोकली तर ती कडक होते. फार वाकवली तर तुटते. तीच तार तापवली की पुन्हा मऊ पडते. म्हणून आकार आधी द्यायचा, मग सपाट लोखंडावर ठेवून हलके ठोकायचं. म्हणजे आकार टिकतो. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात आणि गंमत म्हणजे आकडा जितका मोठा, तार तितकी बारीक! कानातल्यांना २० गेजची, म्हणजे जवळपास एक मिलिमीटर जाडीची तार बरी पडते.

दोन सूचना मात्र घोकून ठेवा. पहिली, मोटारीच्या तारेवर व्हार्निशचा थर असतो. तो जाळू नका, धूर वाईट असतो. पॉलिश पेपरनं घासून काढा. दुसरी, कानात जाणारी हूक स्टेनलेस स्टीलची किंवा चांदीची घ्या. स्वस्त हुकांत निकेल असतं आणि अनेकांच्या कानाला त्यानं खाज सुटते.

नफा की तोटा?

सातवीत असताना मुलीनं जत्रेत पाल मांडलं. दहा जोड, वीस रुपयांना एक. सगळे खपले. दोनशे रुपये हातात! पोरगी हरखून गेली. मी म्हटलं, "वही काढ."

हूक आणि मणी, जोडी नऊ रुपये, म्हणजे ९० रुपये. पुड्या आणि गाडीभाडं ३०. उरले ८०. आता वेळ. एका जोडाला पाऊण तास, म्हणजे दहा जोडांना साडेसात तास. पालावर बसली चार तास. एकूण साडेअकरा तास. भागाकार करा पाहू! तासाला सात रुपयेसुद्धा धड पडले नाहीत. तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण हिशेब लपवून कुणाचं भलं होत नाही.

मग तिनं काय केलं? एका फळीवर खिळे ठोकून साचा केला. खिळ्यांभोवती तार फिरवली की दोन्ही कानातली सारखी आणि पाऊण तासाचं काम वीस मिनिटांत! पुढच्या जत्रेत तिनं किंमत चाळीस ठेवली. या वेळी दहापैकी सातच जोड खपले. आले २८०, खर्च तेवढाच १२०, उरले १६०. वेळ लागला सात तास वीस मिनिटं. म्हणजे तासाला जवळपास २२ रुपये आणि डबीत तीन जोड शिल्लक. किंमत वाढवली की गिऱ्हाईक थोडं घटतं, हेही तिला कळलं.

जत्रेत एक बाई विचारत होत्या, "सोन्याचं पाणी आहे का गं?" हो म्हटलं असतं तर जोड खपला असता. ती म्हणाली, "नाही मावशी, तांबं आहे. घामानं काळं पडंल, चिंचेनं घासा." मावशी निघून गेल्या. तिचा गेलेला जोड मला खपलेल्या सातांपेक्षा मोलाचा वाटला. सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्क असतो आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांकही लागतो. हातानं केलेल्या तांब्याच्या दागिन्याला असला शिक्का नसतो. तिथं करणाऱ्याचा शब्द हाच शिक्का.

आईचा प्रश्न

तिची आई एकदा शाळेत आली. म्हणाली, "बाई, पोरगी रात्री तार घिऊन बसती. ह्यानं पोट भरतं का?"

पालकहो, हा प्रश्न चुकीचा नाही. तासाला बावीस रुपयांत पोट भरत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण हेही सांगितलं, की वर्षभरात सातचे बावीस कुणी केले? तुमच्या पोरीनं. हिशेब, भूमिती, धातूचे गुण, गिऱ्हाइकाशी बोलणं हे सगळं ती त्या तारेतूनच शिकली. शाळा सोडू नका आणि तारही हिसकावू नका. बारावीनंतर एनआयडी आणि निफ्ट अशा संस्थांत डिझाइनचं शिक्षण मिळतं. पदवीच्या प्रवेश परीक्षेला कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेतून बसता येतं. बचत गटात असलेल्या आयांनी तर मुंबईच्या 'महालक्ष्मी सरस' प्रदर्शनाची चौकशी जरूर करावी. राज्यभरातल्या गटांच्या वस्तू तिथं विकल्या जातात.

आई काही बोलली नाही. पण परवा मुलगी सांगत होती, "बाई, आईनं मला गोल तोंडाची पक्कड घेऊन दिली."

मित्रांनो, तुमच्याही हाताला काही छंद असेल. माती असेल, कागद असेल, लाकूड असेल. आजच एक वही घाला. डाव्या पानावर काय बनवलं आणि कुठं चुकलं ते लिहा. उजव्या पानावर खर्च आणि वेळ. महिन्यानं ती वही आईबाबांना दाखवा. तुम्ही खेळत होता की शिकत होता, ते त्यांना वहीच सांगेल.

आणि हो, गणिताच्या तासाला मात्र गणितच!