स्कॅनमधला प्रत्येक ठिपका गाठ नसतो

‘स्वादुपिंडात ठिपका चमकतो’ एवढे रिपोर्टात वाचले की घरातल्या माणसांचा धीर सुटतो. म्हणून या तपासणीची माहिती आम्ही येथे देत आहोत.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते. त्यातील इन्सुलिनसारखे हार्मोन बनवणाऱ्या पेशींची गाठ झाली तर तिला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. नेहमीच्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरपेक्षा ती वेगळी असते आणि पुष्कळदा सावकाश वाढते. अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांना २००३ साली हीच गाठ आढळली होती. २०११ साली त्यांचे निधन झाले.

या गाठीच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन हार्मोनसाठी जणू कुलपे असतात. त्यांत बसणारी किल्ली म्हणजे डोटाटेट हे द्रव्य. त्याला किरणोत्सर्गी गॅलियम-६८ जोडून शिरेतून देतात आणि सुमारे तासाभराने पेट-सीटी यंत्रावर फोटो काढतात. गॅलियमचा जोर दर ६८ मिनिटांनी निम्मा होतो.

पण अशी कुलपे निरोगी पेशींवरही असतात. प्लीहा म्हणजे पानथरी आणि मूत्रपिंडे नेहमीच चमकतात. स्वादुपिंडाच्या डोक्याचा आकड्यासारखा वळलेला खालचा भाग अनेक निरोगी माणसांतही चमकतो. काहींच्या स्वादुपिंडाच्या शेपटीत पानथरीचा लहानसा तुकडा जन्मापासून असतो. तोही हुबेहूब गाठीसारखा दिसतो.

म्हणून जाणकार डॉक्टर नुसत्या चमकेवर निकाल देत नाहीत. चमक पसरट आहे की एका जागी गोळा झाली आहे? सीटी किंवा एमआरआयमध्ये त्याच जागी गाठ दिसते का? जुन्या स्कॅनपेक्षा काही बदलले आहे का? हे सारे ते ताडून पाहतात. शंका उरलीच तर दुर्बिणीतून सोनोग्राफी करून सुईने तुकडा तपासतात.

उलटेही घडते. इन्सुलिनोमा नावाची गाठ या स्कॅनवर बरेचदा चमकत नाही. झपाट्याने वाढणारी गाठ साखरेच्या, म्हणजे एफडीजी स्कॅनवर जास्त ठळक दिसते. तेव्हा रिपोर्ट चांगला आला तरी त्रास चालू असेल तर डॉक्टरांना पुन्हा भेटावे.

आमचे वाचकांना सांगणे एवढेच, की जुने रिपोर्ट, फिल्म, सीडी फेकू नका. तपासणीला जाताना सोबत न्या. ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने चालू असल्यास तसे सांगा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी ते आधीच सांगावे. आणि ‘हा ठिपका कशावरून गाठ?’ असे डॉक्टरांना विचारायला मुळीच संकोचू नका.