मला कुठे डोंगर चढता येतो?

भिलाईतील मराठी घरांत, विशेषतः पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांच्या बैठकीत, स्काउट-गाइडच्या एखाद्या पथकाला हातभार लावण्याचा विषय काढला की हमखास उत्तर मिळते, "अहो, मला कुठे आता डोंगर चढता येतो?" उत्तर विनयाने दिलेले असते, तेव्हा त्यावर चिडणे शिष्टसंमत नव्हे, परंतु तेच वाक्य चाळिशीतल्या धडधाकट फिटरपासून सत्तरीतल्या आजोबांपर्यंत आणि शाळेतल्या बाईंपासून रुग्णालयातल्या परिचारिकेपर्यंत सर्वांच्या तोंडी ऐकू येऊ लागले, म्हणजे त्या विनयाआड दडलेल्या भ्रमाचा एकदा समाचार घेणे प्राप्त होते.

भ्रम असा की, मुलांना उघड्यावर नेणारी संस्था म्हणजे गिर्यारोहकांचा आखाडा, आणि तीत पाऊल टाकू पाहणाऱ्याने प्रथम स्वतः कडा चढून दाखवला पाहिजे. आता शिवनाथ नदीच्या आसपासचा आपला हा मुलूख भातशेतीचा आणि जवळजवळ सपाट. डोंगर म्हणून काही पाहायचे तर डोंगरगड गाठावे किंवा दल्ली-राजहऱ्याकडे निघावे. जो चढायचा तो डोंगरच दाराशी नसताना तो चढता येत नाही या सबबीवर घरी बसणाऱ्यांना काय म्हणावे, हे माझ्या शब्दसंग्रहात नाही.

परंतु थट्टा बाजूला ठेवू. स्काउट पद्धतीचा पाया टोळी हा आहे: सहा ते आठ मुलांची एक टोळी, तिचा त्यांच्यातलाच एक नायक, आणि चूल कोठे मांडावी इथपासून पहाऱ्याच्या पाळ्यांपर्यंतचे पुष्कळसे निर्णय त्या नायकाने आपल्या सवंगड्यांच्या मदतीने घ्यावेत, हा १९०७ साली ब्राउन्सी बेटावर स्काउट चळवळीचे प्रवर्तक बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे पहिले शिबिर भरवले तेव्हापासूनचा शिरस्ता. प्रौढ माणसाने मुलांच्या पुढे धावायचे नसते. त्याने मागे राहून, दिसेल न दिसेल अशा बेताने, लक्ष ठेवायचे असते. ज्या कामात गुडघ्यांपेक्षा डोळे आणि धीर अधिक लागतो, ते काम वयाने हिरावून घेतले, असे समजण्याचे कारण काय?

आणि हे तर पथकाच्या बरोबर जाणाऱ्यांचे झाले. न जाणाऱ्यांची कामे त्याहून अधिक आहेत, आणि बहुधा त्यांच्याच अभावी शिबिरे रद्द होतात. पालकांची संमतिपत्रे गोळा करून दप्तरी लावणे, वनखात्याकडे अर्ज करून मंजुरी आणणे, जमाखर्च अद्ययावत ठेवणे, तीस-पस्तीस मुलांच्या शिध्याचा अंदाज बांधणे, पावसात भिजलेले तंबू परत आल्यावर ते उन्हात वाळवून मगच कोठारात टाकणे (ओला तंबू घडी करून ठेवला की बुरशी त्याला खाते, हे कोठार सांभाळणारा नसलेल्या पथकाला दरवर्षी नव्याने समजते), प्रथमोपचाराच्या पेटीतील औषधांच्या मुदती तपासणे: यांतल्या कोणत्या कामाला डोंगर आडवा येतो? शिवाय दक्षता-बिल्ल्यांच्या परीक्षा असतात. स्वयंपाक, सायकल, विद्युतकाम असे विषय मुले निवडतात, आणि त्यांची पारख त्या त्या विषयातील जाणकाराने करावी अशी अपेक्षा असते. ज्या नगरीत १९५९ पासून झोतभट्टी धगधगते आहे आणि जिच्या सेक्टरासेक्टरांत उत्तम विद्युततंत्रज्ञ राहतात, तिथे परीक्षकासाठी वणवण करावी लागावी, हे नवल आहे.

याहून मोठे नवल खलाशांचे. कारखान्यात अवजड यंत्रे दोर-साखळ्यांनी बांधून उचलणाऱ्या कामगाराला खलाशी म्हणतात. आयुष्यभर ज्याने टनांचे ओझे गाठीच्या भरवशावर हवेत तोलले, तोसुद्धा शिबिराचे नाव काढताच "आपल्याला त्यातले काही कळत नाही" म्हणून हात झटकतो! आणि तिकडे मुले मैदानात बांबू-सुतळीचा मनोरा उभारताना इथल्या हिंदी शिबिरांतल्या नावांनी खूँटा फाँस आणि ध्रुव गाँठ घोकत असतात. एक खबरदारी मात्र इथेच सांगून ठेवतो. कडा चढण्याचा दोर निराळा असतो. पडणाऱ्याचा झटका सोसण्यासाठी तो मुद्दाम ताणला जाईल असा विणलेला असतो, आणि ती विद्या गिर्यारोहण संस्थेत रीतसर शिकलेल्या प्रशिक्षकाचीच. खलाशाने मनोरा शिकवावा, कडा शिकवू नये. ज्याला ही मर्यादा कळते, असाच माणूस पथकाला हवा असतो.

"आम्ही प्रशिक्षित नाही" हा याच भ्रमाचा धाकटा भाऊ. प्रशिक्षित होऊनच यावे असे कोणी म्हटलेले नाही. पथकाची धुरा घेऊ इच्छिणाऱ्यासाठी बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि हिमालयन वुड बॅज अशी अभ्यासक्रमांची चढण आहे, आणि पचमढीला भारत स्काउट्स अँड गाइड्स या संघटनेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र १९५६ पासून चालू आहे.

उरलेले गैरसमज थोडक्यात. स्काउट, एनसीसी आणि एनएसएस एकच, असे मानणारे सुशिक्षितही आढळतात: एनसीसी १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली आणि संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली, एनएसएस १९६९ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी निघालेली योजना, आणि भारत स्काउट्स अँड गाइड्स ही स्वयंसेवी संघटना. शाळेतच पथक असते हेही खरे नव्हे; शाळेबाहेरच्या खुल्या पथकांची तरतूद आहे, आणि रेल्वेच्या क्षेत्रांना तर संघटनेत राज्याचा दर्जा आहे. मुलींसाठी हे नाही, असे म्हणणाऱ्यांनी जबलपूरला जाऊन यावे; हिंदुस्थानातले गाइडचे पहिले पथक तिथेच १९११ साली निघाले.

"ही इंग्रजांची चाल" हा आक्षेप मात्र एका ओळीत संपणारा नाही. मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी १९१८ साली अलाहाबादेत सेवा समितीचे स्काउट दल उभारले, ते परक्यांची री ओढण्यासाठी नव्हे. ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटना विलीन होऊन आजची संस्था झाली, त्या खटपटीत मध्यप्रांताचे राज्यपाल मंगलदास पकवासा आणि नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा हात होता. आणि आपली भिलाई ज्यात येते तो दुर्ग जिल्हा त्या काळी नागपूरच्याच अमलाखाली होता.

शेवटचा गैरसमज सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि सर्वांत घातक आहे: चांगल्या घरच्या माणसाची चौकशी कशाला? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ सालचा आहे. जागतिक स्काउट संघटनेचे 'सेफ फ्रॉम हार्म' नावाचे बालसुरक्षेचे धोरणही आहे. ओळखीचा पुरावा मागितला, पूर्वीच्या नोकरीची विचारपूस केली, मुलाबरोबर एकट्याने तंबूत राहू नका असे बजावले, तर त्यात अपमान मानू नये. उलट ज्या पथकात हे काहीच विचारले जात नाही, तिथे आपले नातवंड पाठवण्यापूर्वी आजोबांनी स्वतः जाऊन ते का विचारले जात नाही याचा जाब विचारावा.