आधी कान, मग माणसं

जेवताना कुणीतरी विनोद करतं, सगळे हसतात. आजोबा विचारतात, "काय म्हणाला रे?" उत्तर येतं, "काही नाही हो, असंच." चार-सहा वेळा असं झालं की ते विचारणंच सोडतात. मग लग्नकार्याला जायचं टाळतात, कट्ट्यावरही फिरकत नाहीत. घरचे म्हणतात, वयोमानानं अबोल झालेत.

मूळ अनेकदा कानात असतं. आतल्या कानातल्या सूक्ष्म केशपेशी वयानुसार मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. त्यामुळे स्वर बऱ्यापैकी ऐकू येतात. स, श, च यांसारखी व्यंजनं मात्र निसटतात. 'चहा'चा 'सहा' होतो. "ऐकू येतं, पण कळत नाही," ही तक्रार अगदी खरी असते. ओरडून फारसा फायदा नाही, कारण ओरडल्यानं मुख्यतः स्वरच चढतात. त्यात टीव्ही चालू असला, तर शब्द जुळवता जुळवताच मेंदू थकतो.

माणसांपासूनची ही माघार महागात पडते. संशोधक ज्युलिअॅन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले. तीन लाखांहून अधिक लोकांच्या त्या माहितीत, ज्यांचे नातेसंबंध भक्कम त्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत बहिरेपणही आहे आणि एकाकीपणही.

अमेरिकेत 'अचीव्ह' नावाच्या चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांपैकी निम्म्यांना श्रवणयंत्र आणि समुपदेशन मिळालं, बाकीच्यांना आरोग्यविषयक मार्गदर्शन. तीन वर्षांनी बौद्धिक घसरणीत एकूण गटात फरक पडला नाही. ज्यांना अशा घसरणीचा धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र ती ४८ टक्क्यांनी मंदावली. शिवाय यंत्र मिळालेल्यांच्या गोतावळ्यात, दुसऱ्या गटाच्या तुलनेत, सरासरी एक माणूस जास्त टिकून राहिला.

चाळिशीचा चष्मा आपण मिरवतो, कानाचं यंत्र मात्र लपवतो. साठीनंतर रक्तदाबासोबत कानही तपासून घ्यावेत. यंत्र अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात ते कपाटात जाऊ देऊ नये. घरच्यांनी टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश बोलावं. आणि विनोद पुन्हा सांगायचा कंटाळा करू नये.