मांजर गादीवर लघवी करतंय? आधी कारण शोधू, मग उपाय करू



खेड्यात मांजर कुणी विकत आणत नाही. ते आपलं आपणच येतं. गोठ्याच्या माळ्यावर व्यालेल्या मांजरीचं एखादं पिल्लू असतं, नाहीतर बाजारपेठेत उष्ट्या-खरकट्यावर वाढलेला एखादा बोका असतो. आधी पत्र्यावरून नुसतं बघतं, मग भाकरीच्या तुकड्यासाठी दारात येतं, आणि एक दिवस कोठीतला उंदीर धरून आणतं. त्या दिवसापासून ते घरचं होतं. ज्वारी-गव्हाची पोती कुरतडायची थांबतात, म्हणून सगळेच खूश असतात.

मग महिन्या-दोन महिन्यांत तक्रार सुरू होते. दिवाणावरची गादी ओली, सोफ्याच्या कोपऱ्याला उग्र वास, गोधड्यांच्या चवडीत मधलीच गोधडी भिजलेली. पुढचं आपल्याला ठाऊकच आहे. धुणं बाईच्याच वाट्याला येतं आणि बोलणीही तिलाच बसतात, "तूच लाड करून घरात घेतलंस!" ज्यांचं शिवणकाम किंवा गोधडीचं काम घरातच चालतं, त्यांना तर दुहेरी फटका. गिऱ्हाइकाचं ब्लाऊजपीस खराब झालं तर भरून द्यावं लागतं, वर नावही जातं. शेवटी घरातलं कुणीतरी मांजराला पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येतं.

सोडून देणं हा उपाय नाही. मांजर गेलं की उंदीर परत येतात, मोकळ्या जागेत दुसरा बोका येऊन बसतो, आणि पाळलेलं जनावर असं टाकून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. बहुतेक वेळा ही सवय घरच्या घरी मोडता येते. फक्त कारण आधी कळलं पाहिजे.

मांजर मुद्दाम करत नाही

"रागावले म्हणून सूड घेतला" असं आपण सहज म्हणतो. पण मांजराच्या डोक्यात सूड नसतो. ते बाहेर वाढलेलं असतं. तिथे त्याची रीत ठरलेली: भुसभुशीत माती बघायची, पंजाने उकरायची, लघवी करायची आणि वर माती लोटायची. आता ते आपल्या घरात आलं. इथे खाली कोबा किंवा फरशी. पंजा रुतेल असं काय आहे? गादी, गोधडी, धुवायच्या कपड्यांचा ढीग. त्याच्या हिशेबाने ते योग्य जागाच निवडतं.

दुसरी गोष्ट भीतीची. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात लागला, तर ते माणसाळतं. ते दिवस उकिरड्यावर किंवा माळ्यावर गेले असतील, तर मोठेपणी ते जवळ आलं तरी मनातून बिचकलेलंच राहतं. मिक्सरचा आवाज, पाहुण्यांची गर्दी, अंगणातलं कुत्रं यांना घाबरून ते पलंगाखाली दडतं आणि तिथेच करून मोकळं होतं.

कोणतं कारण, ते कसं ओळखायचं?

आपण गटाची नोंदवही ठेवतो, तशीच आठ दिवस एक छोटी नोंद ठेवा. कधी केलं, कुठे केलं, किती केलं आणि त्याआधी घरात काय झालं होतं. एवढ्यावरून चारपैकी एक कारण बहुधा समोर येतं.

१. दुखणं: थोडी थोडी, पुन्हा पुन्हा लघवी. बसल्यावर ओरडणं, सारखं तिथेच चाटणं, लघवीत लालसरपणा.

२. हद्द आखणं: भिंत, सोफ्याची बाजू, दाराची चौकट अशा उभ्या जागेवर फवारा. मांजर पाठमोरं उभं राहतं, शेपटी वर करून थरथरवतं आणि मागे उडवतं. वास फार उग्र असतो.

३. भीती: पलंगाखाली, कपाटामागे, अंधाऱ्या कोपऱ्यात. पाहुणे, फटाके, भांडण किंवा नवीन जनावर आल्यानंतर.

४. जागा नसणं: मऊ, आडव्या वस्तूवर बसून, भरपूर लघवी. करण्याआधी किंवा नंतर पंजाने उकरल्याच्या खुणा.

आधी दुखणं तपासा

मूत्राशयाला सूज आली की मांजराला लघवी रोखता येत नाही. अशा वेळी सवय मोडण्याचे सगळे उपाय फुकट जातात. म्हणून पहिली फेरी पशुवैद्यकीय दवाखान्यात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही सगळ्यांनी लिहून ठेवावा.

बोक्याच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची. बोका सारखा बसतो, जोर करतो, पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. असा बोका एक-दोन दिवसांत दगावतो. सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि माणसाची अंगदुखी-तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

फवारा उडवणाऱ्याला नसबंदी

बोका साधारण सहा महिन्यांचा झाला की हद्द आखू लागतो. माजावर आलेली मांजरीसुद्धा असं करते. याला ओरडून, मारून उपयोग नाही, कारण ते शरीरच करायला लावतं. नसबंदी केली की दहातल्या जवळजवळ नऊ बोक्यांचं फवारणं थांबतं किंवा अगदी कमी होतं. फरक दिसायला काही आठवडे लागू शकतात, तेवढी वाट बघा.

मांजरीची नसबंदी केली तर वर्षाला दोन-तीन वेती टळतात. मांजरीचा गाभणकाळ दोनच महिन्यांचा असतो, त्यामुळे एका मांजरीचं कुटुंब किती झपाट्याने वाढतं ते आपण बघतोच. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही शस्त्रक्रिया कधी होते, खर्च किती येतो, हे आधी विचारून घ्या. गटातल्या चार-पाच घरांनी मिळून एकच गाडी केली तर जाण्या-येण्याचा खर्च वाटून जातो. त्याच फेरीत रेबीजची लसही टोचून घ्यावी.

मांजराला त्याची जागा द्या

बाहेर वाढलेल्या मांजराला महागडं सामान लागत नाही. जुनं पसरट घमेलं किंवा प्लास्टिकचा टब घ्या. त्यात चाळलेली कोरडी वाळू किंवा भुसभुशीत माती तीन-चार बोटं भरा. चुलीची राख घालू नका, ओली झाली की ती पंज्यांना झोंबते.

• टब शांत कोपऱ्यात ठेवा. मांजराच्या खाण्या-पिण्याच्या जागेपासून लांब हवा.
• मांजर पूर्वी जिथे जायचं, तिथली दोन मुठी माती त्यात मिसळा. ओळखीच्या वासाने ते लवकर टबात जातं.
• घाण रोज काढा. घाण टब मांजर टाळतं आणि पुन्हा गादीकडे वळतं.
• मांजरं दोन असतील तर टब तीन ठेवा, म्हणजे मांजरांपेक्षा एक जास्त.
• ते टबात गेलं की लगेच थोडा आवडीचा घास द्या.

मांजर अजून बिचकत असेल, तर पहिले दोन-तीन आठवडे त्याला सगळं घर मोकळं देऊ नका. कोठीची खोली किंवा पडवीचा बंद भाग पुरे. तिथेच खाणं, पाणी, टब आणि लपायला एक पालथं खोकं. ते नियमाने टब वापरू लागलं की एकेक खोली उघडा. शिवणकामाची खोली सगळ्यात शेवटी, आणि गिऱ्हाइकाचं कापड तर कायम झाकणाच्या पेटीत किंवा कपाटात.

गादी-सोफ्यावर तोवर मेणकापड किंवा ताडपत्रीचा तुकडा अंथरा. पंज्याला त्याचा गुळगुळीतपणा आवडत नाही, आणि लघवी केलीच तरी आत झिरपत नाही. आणखी एक सोपी युक्ती: स्वच्छ केलेल्या जागेजवळ मांजराची खाण्याची वाटी ठेवा. मांजर जिथे खातं, तिथे सहसा घाण करत नाही.

नाक घासणं, चापट मारणं, पाणी फेकणं हे बंद करा. त्याने मांजर शिकत नाही, फक्त आपल्याला घाबरतं. मग ते आपल्या नजरेआड, आणखी आतल्या कोपऱ्यात करू लागतं.

वास गेला नाही तर सवय जात नाही

धुतलेली गादी पावसाळ्यात पुन्हा का वास मारते? मांजर मुळात कोरड्या प्रदेशातलं जनावर, म्हणून त्याची लघवी फार दाट असते. त्यातलं युरिया जंतूंमुळे अमोनियात बदलतं, तो झोंबणारा वास. पण त्यातलं युरिक आम्ल साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. ते कापडात बसून राहतं आणि हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. आपल्याला आला नाही तरी मांजराच्या नाकाला तो येतो, आणि "माझी जागा हीच" असं त्याला वाटतं.

म्हणून धुवायची पद्धत अशी ठेवा:

१. ओलं असतानाच जुन्या सुती कापडाने दाबून टिपून घ्या. चोळू नका, चोळलं की आत जातं.
२. साधं थंड पाणी टाकून पुन्हा टिपा.
३. व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन त्या जागी ओता. दहा-पंधरा मिनिटांनी टिपून काढा. रंग जातो का ते आधी कोपऱ्यावर बघा.
४. एन्झाइम असलेली धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवून लावा आणि अर्धा-एक तास राहू द्या. पुड्यावर "एन्झाइम" लिहिलेलं असतं. हे घटक लघवीतली घाण फोडून काढतात. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र ही पावडर लावू नका, धागा खराब होतो.
५. स्वच्छ पाण्याने धुऊन कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. गादी वाळल्यावरही वास उरला, तर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका. कापसाची गादी फार मुरली असेल, तर उसवून कापूस उन्हात घालणं आणि पिंजून घेणं हाच खरा उपाय.

हे वापरू नका

• फिनेल: मांजर पंजे चाटतं, त्यातून विष पोटात जातं.
• डांबरगोळ्या: मांजराला विषारी, लहान मुलांनाही धोक्याच्या.
• अमोनिया असलेली साफसफाईची औषधं: वास लघवीसारखाच, म्हणून मांजर तिथेच परत येतं.
• ब्लिचिंग पावडर: लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू तयार होतो. व्हिनेगरमध्ये तर ती कधीच मिसळू नका.
• मिरचीपूड: डोळ्या-नाकात जाऊन मांजराला इजा होते.

आपलं आरोग्यही सांभाळा

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो आणि तो पोटातल्या बाळाला अपाय करतो. घरात गरोदर बाई असेल तर टब दुसऱ्या कुणी साफ करावा, आणि रोज करावा. ताज्या विष्ठेतला हा परजीवी लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई सगळ्यांनाच सुरक्षित ठेवते. काम झालं की साबणाने हात धुवा. परसातल्या भाजीच्या वाफ्यात मांजर जात असेल तर भाजी नीट धुऊनच खा.

मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा.

आणि एक सांगायचं राहिलं. ऊसतोडीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात, ती कधी कधी रानमांजराची असतात. रानमांजर हा वन्यप्राणी आहे. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे, तो घरी आणायचा नाही. पिल्लं जागेवरच राहू द्या, आई सहसा न्यायला येते. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.

पुढच्या मासिक बैठकीत बोलूया

• आपल्या गटात किती घरी मांजरं आहेत? त्यांतली किती नसबंदी झालेली, किती लस टोचलेली?
• दवाखान्यात एकत्र जायला कोणता दिवस सोयीचा?
• घरी कापडाचं किंवा खाण्याच्या पदार्थांचं काम करणाऱ्या तायांनी माल मांजरापासून लांब कसा ठेवलाय? एकमेकींना सांगा.
• मांजराची सफाई घरात कोण करतं? ते काम एकट्या बाईचंच का? धान्य सगळ्यांचं वाचतं, तर टबही सगळ्यांनी पाळीपाळीने साफ करावा.

बाहेरच्या मांजराला घराची रीत कळायला वेळ लागतो. कुणाचं पंधरा दिवसांत सुधारतं, कुणाचं दोन महिने घेतं. नोंदवहीत गादी ओली झालेल्या दिवसांवर खूण करत जा. खुणा कमी होत गेल्या की समजायचं, आपण बरोबर वाटेवर आहोत.