जुन्या जीन्सची उडती चकती

पूर्वी डोईवर हंडा ठेवण्याआधी बायका कापडाची चुंबळ करत. तीच चुंबळ चपटी आणि रुंद झाली, तर हवेत तरंगत जाते. कापडाची चकती लागली तरी दुखत नाही, काच सहसा फुटत नाही. त्यामुळे ती लहान मुलांना घरातही खेळता येते.

ती उडते कशी?

मनगटाच्या झटक्याने चकतीला गिरकी मिळते. फिरणारी वस्तू आपली पातळी सहजी सोडत नाही, आणि वजन कडेला असेल तर ही स्थिरता वाढते. म्हणून मध्ये भोक आणि कडेत दोर. अमेरिकेतले अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी १९८४ साली बाजारात आणलेली ‘एरोबी’ ही प्लॅस्टिकची कडीही गिरकीच्या जोरावर स्थिर राहते. तिची कड पातळ असल्याने ती फार लांब जाते. आपली चकती जाड, त्यामुळे तिची झेप अंगणापुरती.

काय लागेल?

- जुन्या जीन्सचा मांडीकडचा भाग, शिवण उसवून
- ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा सुती दोर, ७५ सेंटिमीटर
- उरेब कापलेली पट्टी, ४ सेंटिमीटर रुंद आणि ४२ सेंटिमीटर लांब
- जाड सुई आणि मजबूत दोरा

कृती

१. कागदावर २६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा, त्याच्या मधोमध १२ सेंटिमीटरचे. या मापाने दोन कड्या कापा.

२. कड्या सुलट बाजू आत घेऊन एकमेकींवर ठेवा. एकीचे उभे धागे दुसरीच्या धाग्यांना तिरके येऊ द्या, म्हणजे कापड एकाच दिशेला ताणले जाणार नाही.

३. बाहेरच्या कडेपासून १ सेंटिमीटर आत टीप मारा. टिपेबाहेरच्या कापडाला जागोजागी चिरा द्या आणि मधल्या भोकातून कडी उलटवा.

४. दोर आतून थेट कडेला बसवा, जास्तीचा कापा. दोन्ही टोके समोरासमोर टेकवून दोऱ्याने जोडा. गाठ मारू नका. गाठीपाशी वजन वाढते.

५. दोराला अगदी चिकटून हाताने उलट टीप घाला.

६. उरलेल्या भागावर गोधडीसारखे गोल धावदोरे घाला. कापड ताठ होते. शेवटी भोकाच्या कडेला उरेब पट्टी लावा.

बिघडले तर

दोर लांब झाला, तर चकती भाजलेल्या पापडासारखी वाकते. आखूड झाला, तर कापडाला चुण्या पडतात. दोन्ही वेळी टीप उसवून दोर नीट बसवा. उडताना डगमगत असेल, तर आधी गिरकी वाढवून पाहा, मग दोराचा जोड तपासा.

फेकताना

चकती जमिनीला समांतर धरा, हात पोटाकडे घ्या आणि मनगट झटकून सोडा. ताकदीपेक्षा गिरकी मोलाची. धुतल्यावर चकती सपाट ठेवूनच वाळवा. दोरीवर लोंबकळत वाळली तर आकार जातो, आणि आकार गेला की उडणेही जाते.