बलापेक्षा विद्राव्यता : मॅग्नेशिअम अ‍ॅमाइड आम्लारींचा आढावा

साध्या कार्बनी संयुगांपासून औषधे, कीटकनाशके आणि रंगद्रव्ये यांसारखे गुंतागुंतीचे रेणू घडवणाऱ्या सेंद्रिय संश्लेषणात एक अडचण वारंवार आडवी येते. बेंझीन किंवा पिरिडिनसारख्या वलयावर नवा गट जोडायचा, तर त्या जागेवरचा हायड्रोजन आधी दूर करावा लागतो, आणि कार्बन-हायड्रोजन बंध सहजासहजी दाद देत नाही. यासाठी प्रबळ आम्लारी, म्हणजे प्रोटॉन ओढून घेणारा पदार्थ, वापरला जातो. प्रोटॉन निघून गेल्यावर मागे उरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोडीसह कार्बन धातूशी बांधला जातो, आणि अशा कार्बन-धातू संयुगावर पुढे आयोडीन, अ‍ॅल्डिहाइड किंवा पॅलेडिअमच्या साहाय्याने दुसरे वलयही जोडता येते. या क्रियेला मेटॅलेशन म्हणतात. अमोनियाच्या कुळातील अ‍ॅमिन या संयुगात नायट्रोजनवरच्या हायड्रोजनची जागा धातूने घेतली की धातूचे अ‍ॅमाइड तयार होते (प्रथिनांमधील अ‍ॅमाइड बंध वेगळा), आणि मेटॅलेशनसाठी लागणारे बहुतेक महत्त्वाचे आम्लारी याच वर्गातले आहेत.

या क्षेत्रावर दीर्घकाळ लिथिअमचे राज्य होते. 1939 मध्ये अमेरिकेत गिलमन यांनी आणि त्यानंतर लगेचच जर्मनीत विटिग यांनी स्वतंत्रपणे असे दाखवले, की अ‍ॅनिसोल या संयुगातील ऑक्सिजनच्या शेजारच्या जागेवरचा हायड्रोजन लिथिअमची कार्बनी संयुगे नेमका हेरून काढतात. पुढे लिथिअम डायआयसोप्रोपिलअ‍ॅमाइड आले आणि एलडीए या आद्याक्षरांनी ते प्रयोगशाळांत रुळले. मात्र लिथिअमच्या या सामर्थ्याची किंमत मोठी आहे. कार्बन-लिथिअम बंध इतका ध्रुवीय असतो, की वलयावर एस्टर किंवा सायनो गट असेल तर नव्याने बनलेले लिथिअम संयुग शेजारच्या रेणूतील त्या गटावरच तुटून पडते. हे टाळण्यासाठी अभिक्रिया कोरडा बर्फ आणि अ‍ॅसिटोन यांच्या मिश्रणाने थंड राखून उणे 78 अंश सेल्सिअस तापमानाला करावी लागते. काचेच्या चंबूत हे जमते, परंतु कारखान्यातील हजारो लिटरच्या पात्राला इतके थंड राखणे अतिशय खर्चाचे ठरते.

मॅग्नेशिअमचा स्वभाव याहून सौम्य आहे. पॉलिंग यांच्या मोजपट्टीवर कार्बनची विद्युतऋणता 2.55, मॅग्नेशिअमची 1.31 आणि लिथिअमची 0.98 आहे. म्हणजे कार्बन-मॅग्नेशिअम बंधात प्रभारांची फारकत कमी होते आणि त्या बंधातला कार्बन तुलनेने शांत राहतो. व्हिक्टर ग्रीन्यार यांनी 1900 मध्ये शोधलेल्या आणि 1912 चे नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या कार्बनी मॅग्नेशिअम संयुगांवर अ‍ॅमिनची क्रिया केली की मॅग्नेशिअमचे अ‍ॅमाइड मिळते, ही गोष्ट म्यूनिए यांनी 1903 मध्येच नोंदवली होती. तरीही तिचा संश्लेषणात पद्धतशीर उपयोग होण्यास चार दशके लोटली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात चार्ल्स हाउसर आणि त्यांचे सहकारी वॉकर यांनी 1947 मध्ये डायइथिलअ‍ॅमिनोमॅग्नेशिअम ब्रोमाइड वापरून एस्टरांचे संघनन घडवून आणले, आणि तेव्हापासून या संयुगांना हाउसर आम्लारी हे नाव मिळाले. त्यानंतरही ते मागेच पडले, कारण ते द्रावकात नीट विरघळत नसत, त्यांचे रेणू एकमेकांना चिकटून पुंजके करत आणि त्यांची क्रिया मंद चाले. लिथिअमची धडाडी हाताशी असताना मंद अभिकारकाकडे वळण्याचे कारण फारसे कुणाला दिसत नव्हते.

हे कारण मिळाले ते एका असाधारण रेणूमुळे. शिकागो विद्यापीठातील फिलिप ईटन आणि थॉमस कोल यांनी 1964 मध्ये क्युबेन तयार केले. आठ कार्बन अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसवलेल्या या रेणूत बंधांमधील कोन 109.5 अंशांऐवजी 90 अंशांचे होतात आणि त्या ताणामुळे क्युबेनवरचे हायड्रोजन सामान्य संपृक्त संयुगांतील हायड्रोजनांपेक्षा अधिक आम्लधर्मी असतात. एका कोपऱ्यावर कार्बोक्सामाइड गट बसवला तर लिथिअमच्या अ‍ॅमाइडने शेजारच्या कोपऱ्यावरचा हायड्रोजन निघतो. मात्र समतोलात त्याचे प्रमाण इतके अल्प असते, की मिळालेले लिथिअम संयुग लगोलग पाऱ्याच्या क्षाराने पकडून ठेवावे लागे. पाऱ्यासारख्या विषारी धातूवरचे हे अवलंबित्व तोडण्याची वाट ईटन यांना मॅग्नेशिअममध्ये सापडली. 1989 मध्ये त्यांनी टेट्रामिथाइलपिपेरिडिन, म्हणजे संक्षेपाने टीएमपी, या अ‍ॅमिनपासून बनवलेले मॅग्नेशिअम आम्लारी मांडले. या अ‍ॅमिनमध्ये नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंच्या कार्बनांवर दोन-दोन मिथाइल गट द्वारपालांसारखे उभे असतात. त्यामुळे एस्टरच्या कार्बनपर्यंत नायट्रोजन पोहोचू शकत नाही, पण लहानसा प्रोटॉन मात्र तो टिपू शकतो. हा आम्लारी टेट्राहायड्रोफ्युरान या उकळत्या द्रावकातही टिकला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने मिथाइल बेंझोएटच्या एस्टर गटाला धक्का न लावता त्याच्या शेजारचा हायड्रोजन सामान्य तापमानालाच काढला. एस्टर शाबूत राखून वलयावर धातू बसवण्याची ही किमया लिथिअमला साधली नव्हती, आणि या विषयातील खरी कलाटणी इथेच मानायला हवी.

1995-96 च्या सुमारास जर्मनीत पिरिडिनच्या आणि जपानमध्ये इंडोलच्या वलयांवर या आम्लारींचे प्रयोग झाले, परंतु आम्लारी मोठ्या प्रमाणात जादा घालावा लागण्याची तक्रार कायम होती. ती दूर झाली म्युनिकच्या लुडविग माक्सिमिलियान विद्यापीठात. पॉल क्नोखेल आणि आंद्रेई क्रासोव्स्की यांना 2004 मध्ये असे आढळले, की ग्रीन्यार अभिकारकात लिथिअम क्लोराइड हा साधा क्षार मिसळल्यास त्याची क्रियाशीलता विलक्षण वाढते. 2006 मध्ये हीच कल्पना त्यांनी अ‍ॅमाइडांना लावली, आणि टीएमपी, मॅग्नेशिअम क्लोराइड व लिथिअम क्लोराइड यांचा जो संयुक्त आम्लारी मिळाला तो आज टर्बो-हाउसर आम्लारी म्हणून ओळखला जातो.

त्याची कृती दिसायला सोपी, पण शिस्तीची आहे. ज्वालेने तापवून कोरडा केलेला चंबू आरगॉन वायूने भरून घेतात, त्यात आयसोप्रोपिलमॅग्नेशिअम क्लोराइड आणि लिथिअम क्लोराइड यांचे टेट्राहायड्रोफ्युरानमधील द्रावण घालतात आणि सामान्य तापमानाला टीएमपी थेंबाथेंबाने सोडतात. प्रोपेन वायूचे बुडबुडे येऊ लागतात, आणि साधारण दिवसभर ढवळल्यावर ते थांबले की आम्लारी तयार झाला असे समजतात. मग बेंझोइक आम्लाचे मोजलेले वजन आणि एक रंगदर्शक वापरून अनुमापन करतात व द्रावणाची नेमकी तीव्रता काढतात. ती लिटरला एक मोलच्या आसपास भरते, जी जुन्या, अर्धवट विरघळणाऱ्या हाउसर आम्लारींच्या मानाने बरीच मोठी आहे.

फळही तसेच मिळाले. आयसोक्विनोलिनमधील नायट्रोजनच्या शेजारचा हायड्रोजन 25 अंशांना दोन तासांत, थोडासाच जादा आम्लारी वापरून निघतो. 3,5-डायब्रोमोपिरिडिनमध्ये दोन ब्रोमिनांच्या मधोमध असलेला हायड्रोजन उणे 20 अंशांना निघतो आणि दोन्ही ब्रोमिन जागच्या जागी राहतात. क्नोखेल यांच्या गटाने पुढे एकाच बेंझीन वलयावर अशी मेटॅलेशने क्रमाने करून वलयाच्या सर्व जागा वेगवेगळ्या गटांनी भरून दाखवल्या. कमी क्रियाशील वलयांसाठी 2007 मध्ये मॅग्नेशिअमवर दोन टीएमपी असलेले रूप आले, तर नायट्रो आणि अ‍ॅल्डिहाइडसारख्या नाजूक गटांसाठी 2009 मध्ये जस्ताचे भावंड आले. सायक्लोहेक्सेनोनवरील दोन सममित हायड्रोजनांपैकी नेमका एकच निवडणारे डाव्या-उजव्या घडणीचे मॅग्नेशिअम आम्लारी ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात हेंडरसन आणि केर यांनी 2000 मध्येच बनवले होते. त्याच विद्यापीठात रॉबर्ट मल्वी यांनी सोडिअम व मॅग्नेशिअमची जोडी करून फेरोसीनवरील चार हायड्रोजन एकाच क्रियेत काढले.

लिथिअम क्लोराइडने नेमके काय केले, हा प्रश्न या साऱ्याच्या मुळाशी आहे. त्याने आम्लारीचे बल वाढवले नाही. प्रोटॉन स्वीकारून अखेर तेच अ‍ॅमिन तयार होते आणि त्याची आम्लता बदलत नाही. बदलली ती विद्राव्यता आणि रेणूंची मांडणी. 2008 मध्ये स्ट्रॅथक्लाइडच्या गटाने या आम्लारीचे स्फटिक मिळवून क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. त्यात मॅग्नेशिअम आणि लिथिअम हे दोन धातू दोन क्लोराइडांच्या पुलाने जोडलेले आहेत आणि टीएमपी एकट्या मॅग्नेशिअमवर आहे. लिथिअम क्लोराइड नसलेल्या जुन्या आम्लारीत मात्र त्याचेच दोन रेणू एकमेकांना बिलगून बसलेले असतात. आम्लारीची प्रबळता आकड्यांत मोजण्याची सवय लागलेल्या रसायनशास्त्राला त्याची विद्राव्यता आणि पुंजके बनण्याची रीतही तितकीच निर्णायक असते हे मॅग्नेशिअमने दाखवून दिले, आणि हे त्याचे संश्लेषणाइतकेच मोठे देणे आहे.

मर्यादाही खऱ्या आहेत. टीएमपी स्वस्त नाही, आणि नुसत्या बेंझीनसारख्या कोणताही इलेक्ट्रॉन-आकर्षक गट नसलेल्या वलयापुढे हा आम्लारी निष्प्रभ ठरतो. शिवाय स्फटिकातील चित्र द्रावणात जसेच्या तसे राहत नाही. गटिंगेन विद्यापीठात नोयफेल्ड आणि श्टाल्के यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने केलेल्या मोजमापांतून टर्बो-हाउसर आम्लारीच्या द्रावणातील घटकांची रचना तापमान आणि तीव्रतेनुसार बदलते असे दिसले. त्यामुळे प्रत्यक्ष प्रोटॉन उचलणारा घटक त्यांपैकी नेमका कोणता, याचे उत्तर एका स्फटिकाकडे पाहून देता येत नाही, ते प्रत्येक परिस्थितीसाठी स्वतंत्रपणे शोधावे लागते.