मुलाशी बाबांनी बोलावं

मुलगी वयात आली की आई, मावशी, आजी, कुणीतरी तिला जवळ बसवून चार गोष्टी सांगते. मुलाला कोण सांगतं? आपल्याला वाटतं, त्याचे बाबा बघतील. बाबांना वाटतं, कळेल त्याला आपोआप.

आपोआप कळतं ते मित्रांकडून आणि मोबाइलवरून. त्यात खरं किती, खोटं किती, हे पोराला कसं समजणार?

साधारण ९ ते १४ या वयात मुलाचं शरीर बदलायला लागतं. आवाज फुटतो, मिसरूड येते आणि एखाद्या सकाळी चड्डी ओली असते. याला आपण नावच 'स्वप्नदोष' देऊन बसलो आहोत! मुलाला वाटतं, आपल्याला काहीतरी रोग झाला. त्यात कुणी सांगतं, वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कितीतरी थेंब. हे खोटं आहे. वीर्य रक्तापासून बनत नाही आणि ते गेल्याने अशक्तपणा येत नाही. बाबांनी एवढंच म्हणावं, "मलाही तुझ्या वयात असं व्हायचं, मीही घाबरलो होतो." मग भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातीतला पत्ता शोधायची वेळ त्याच्यावर येणार नाही.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून लैंगिक विषय उघडपणे मांडले, त्यासाठी खटले सोसले. आपल्या घरात मात्र अजून कुजबुजच चालते.

समोर बसवून भाषण द्यायला नको. गाडीवरून जाताना, रानात पाणी देताना, सिनेमा बघताना विषय निघतो. हीरो मुलीच्या मागे लागलेला दिसला, की बाबांनी म्हणावं, "ती नाही म्हणाली ना, मग नाहीच." मोठ्या मुलाला हेही सांगावं, की १८ वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध, तिची संमती असली तरी, २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर "विचारून सांगतो" म्हणावं, आणि खरंच विचारून सांगावं.

मुलीलाही बाबा हवे असतात. दुकानातून पॅड आणताना जे बाबा लाजत नाहीत, त्यांना मुलगी पुढे अवघड गोष्टही सांगू शकते. कुणी नको तिथे हात लावला, तर ती गप्प बसणार नाही. अशा वेळी १०९८ या नंबरवर मुलांसाठी मदत मिळते. हा नंबर मुलांनाही पाठ करायला लावा.

बाबा घरी नसतील, तर मामा किंवा काका बोलू शकतात. आज जेवणं झाली, की हे पान घरातल्या पुरुषांना वाचून दाखवू या. सुरुवात आपण करू, पण पुढचं त्यांना बोलू देऊ.